डाव्या टोकाची क्लिप

रंग द्यायच्या आधी गाडी सोलावी लागते. ‘सोलावी’ हा शब्द मामाचा. दारांवरच्या चकचकीत पट्ट्या, काचांभोवतीचं काळं रबरी बीडिंग, डिकीवरचं नाव, पुढची जाळी, हे सगळं उतरवायचं आणि मगच पत्र्याला हात लावायचा. हे न काढता त्यावर कागदी टेप चिकटवून फवारा मारला तरी गाडी पहिल्या दिवशी नवी दिसते. पण टेपच्या कडेला रंगाचा काठ तयार होतो, त्या काठातून पाणी आत शिरतं आणि वर्षभरात रंग पापुद्र्यासारखा सुटायला लागतो. उतरवण्याचं काम पेंटरची माणसंही करतात, पण घाईत करतात, आणि इतक्या जुन्या गाडीच्या प्लास्टिकच्या क्लिपा आता दुकानात मिळत नाहीत. म्हणून मामाने ते काम स्वतःकडे घेतलं होतं.

दुसरं कारण तो बोलून दाखवत नव्हता, पण घरात ते सगळ्यांना माहीत होतं. काही महिन्यांपूर्वी मामाच्या मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी अडकली. डावा हात आणि डावा पाय लुळे पडले, मग हळूहळू परत आले. आता तो जिना चढत होता, शर्टाची बटणं स्वतः लावत होता. त्याची नोकरी फिरतीची. शिलाई मशीनच्या सुया, बॉबिन, पट्टे असले सुटे भाग तो गावोगावच्या दुकानांना पुरवायचा. गाडी चालवता आली तर नोकरी, नाहीतर नाही, इतकं ते सरळ होतं. ऑफिसने त्याची जागा धरून ठेवली होती आणि पुढच्या महिन्यापासून येणार का, असं विचारलं होतं. मामाने फोनवर ‘येणार’ म्हणून सांगून टाकलं होतं. रंग उडालेली गाडी घेऊन दुकानदारांसमोर जाणं बरं दिसत नाही, म्हणून आधी रंग. आणि सोललेली गाडी पेंटरच्या गॅरेजपर्यंत तो स्वतः चालवत नेणार होता, शनिवारी सकाळी. आजारपणानंतर पहिल्यांदा.

मी मानसशास्त्राचं शिक्षण संपवून नुकतीच या घरी राहायला आले होते. आईने पाठवलं होतं. “तुझी मामी थकली आहे,” एवढंच तिने सांगितलं होतं. आल्यावर पहिल्याच दिवशी मला ते दिसलं. मामी उभ्या उभ्या भिंतीला टेकायची. कपड्यांच्या घड्या घालताना मध्येच हात थांबायचा आणि ती त्या कपड्याकडे बघत बसायची, जणू तो कोणाचा आहे हे आठवत नाही.

सोमवारी सकाळी मामा अंगणात गाडीच्या उजव्या बाजूला बुटक्या स्टुलावर बसला. गाडीची उजवी-डावी बाजू आत बसलेल्या माणसाच्या हिशेबाने ठरते, बाहेर उभ्या असलेल्याच्या नाही. हे मला त्यानेच सांगितलं, कारण काढलेल्या तुकड्यांच्या पाठीवर खडूने खुणा करायचं काम माझं होतं आणि पहिली खूण मी उलटी केली होती.

“शास्त्रीणबाई,” तो म्हणाला, “शर्टाची डावी बाही कुठली? घालणाऱ्याची का बघणाऱ्याची?”

“घालणाऱ्याची.”

“मग गाडीला काय वेगळा नियम आहे?”

त्याच्या मांडीवर मामीचं नायलॉनचं उलथनं होतं. लोखंडी पट्टीने पत्र्यावर ओरखडे येतात, उलथन्याने येत नाहीत, असं त्याचं म्हणणं.

“आणि पॅनमध्ये मी काय बोटाने उलटू?” मामी पायरीवरून म्हणाली.

“चार दिवस उकडलेलं खाऊ.”

“उकडणार कोण?”

मामाने मला केस वाळवायचं यंत्र पट्टीवर धरायला सांगितलं. गरम हवेने जुना गोंद मऊ झाला की तो उलथनं पट्टीच्या खाली सरकवायचा आणि मनगट जरा वळवायचा. आत क्लिप सुटली की ‘टक’ असा आवाज यायचा. तो आवाज ऐकून मामाच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बघत होते. आजारी माणसाचा चेहरा नव्हता तो.

पुढच्या दारावरची पट्टी अशीच टकटक करत निघत आली. मग मामाने उलथनं खाली ठेवलं, दोन्ही हातांनी पट्टी धरली आणि ओढली. पट्टी निघाली नाही. त्याने आणखी ओढली. पट्टी मधोमध वाकली.

“गंजलंय सालं,” तो म्हणाला.

मी पट्टीच्या मागच्या टोकाकडे गेले. तिथल्या दोन क्लिपा अजून बसलेल्याच होत्या. उलथनं घेऊन मी त्या सोडवल्या, पट्टी माझ्या हातात आली.

मागच्या दारावरही तसंच झालं. पुढच्या क्लिपा सहज निघाल्या, मागच्या टोकाच्या राहिल्या, आणि मामाने ‘झालं’ म्हणून पट्टी खेचली. मी विचार केला. गाडी पावसातून जाते तेव्हा पट्टीखाली शिरलेलं पाणी वाऱ्याने मागे ढकललं जातं आणि शेवटच्या क्लिपेपाशी साठतं. म्हणजे मागच्या टोकाला जास्त ओल, जास्त माती, जास्त घट्ट. मी मामाला तसं सांगितलं.

“बघ,” तो मामीला म्हणाला, “शिकवल्याचा उपयोग झाला.”

“मग पट्टी का वाकली?” मामीने विचारलं.

“ती सरळ करता येते गं.”

दुपारी पेंटर चक्कर टाकायला आला. मामाच्या ओळखीचा जुना माणूस, कमरेला पट्टा बांधलेला, बोलताना सतत गाडीच्या पत्र्यावरून तळहात फिरवणारा. त्याने वाकलेल्या पट्ट्या बघितल्या आणि जीभ टाळ्याला लावून चुकचुक केलं.

“साहेब, माझ्या पोरांनी हे केलं असतं तर तुम्ही मला अंगणात उभं केलं नसतं.”

“तुझी पोरं क्लिपा तोडतात. मी फक्त पट्टी वाकवली.”

“ते पण खरं,” पेंटर म्हणाला. “शनिवारी कोणाला तरी पाठवू का गाडी न्यायला?”

“कशाला? मी आणतो ना.”

पेंटरने मामीकडे बघितलं. मामी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने वर पाहिलं नाही.

“चार पावलांवर तर आहे तुझं गॅरेज,” मामा म्हणाला. “एक वळण, एक चौक.”

“चौक आहे खरा,” पेंटर म्हणाला, आणि कंबर धरून उठला.

मंगळवारी मामाला थकवा आला, तो झोपून राहिला. बुधवारी आम्ही गाडीच्या डाव्या बाजूला बसलो. मी मनात आधीच ठरवून टाकलं होतं की मागच्या टोकाला गरम हवा जास्त वेळ द्यायची, म्हणजे पट्टी वाकणार नाही. मी यंत्र घेऊन मागच्या टोकाशी उभी राहिले. मामा टकटक करत पुढे सरकत होता. पण तो माझ्याकडून पुढच्या टोकाकडे गेला. म्हणजे मागच्या क्लिपा त्याने आधी सोडवल्या, एकदम सहज, आणि पुढच्या टोकाच्या दोन क्लिपा तशाच ठेवून म्हणाला, “झालं. धर.”

“मामा, पुढे राहिल्यात.”

“काय राहिलंय?” त्याने ओढायला सुरुवात केली होती.

मी त्याचा हात धरून थांबवला, पुढे जाऊन त्या दोन क्लिपा सोडवल्या आणि हातात घेऊन बघितल्या. स्वच्छ होत्या. माती नाही, ओल नाही. सोमवारच्या क्लिपा मी डब्यात ठेवल्या होत्या. त्याही काढून बघितल्या. त्याही स्वच्छ होत्या. मी त्या दिवशी बघितल्याच नव्हत्या. एकदा कारण सापडलं म्हटल्यावर बघायचं कशाला, असं झालं होतं.

उजव्या बाजूला मागचं टोक राहिलं आणि डाव्या बाजूला पुढचं. गाडीच्या हिशेबाने यात काहीच ताळमेळ नव्हता. मी मामाच्या जागी स्टुलावर जाऊन बसले. उजव्या बाजूला बसलं की गाडीचं मागचं टोक आपल्या डाव्या हाताला येतं. डाव्या बाजूला बसलं की पुढचं टोक डाव्या हाताला येतं. राहिलेल्या सगळ्या क्लिपा डाव्या टोकाच्या होत्या. गाडीच्या नाही, मामाच्या डाव्या.

त्यानंतर मी त्याला काही बोलले नाही, फक्त बघत राहिले. डिकीवरची नावाची अक्षरं गोंदाने चिकटवलेली होती. ती काढायला मामाने तंगूस आणली होती, मासे पकडायचा तो पारदर्शक नायलॉनचा दोरा. दोन हातांत दोऱ्याची टोकं धरून तो अक्षराच्या मागे करवतीसारखा मागे-पुढे ओढायचा, गोंद कापला जायचा आणि अक्षर हातात पडायचं. शेवटच्या अक्षरापासून सुरू करून तो नावाच्या मध्यापर्यंत आला. मग दोरा गुंडाळून खिशात ठेवला. डिकीवर अर्धं नाव तसंच चमकत होतं आणि मामा त्याच्याकडे तोंड करून रॉकेलचा बोळा मागत होता.

मी बोळा दिला. त्याने जिथून अक्षरं काढली होती तिथला गोंद निगुतीने पुसला. इतकं नीट काम मी कोणाचं बघितलं नव्हतं.

पुढची जाळी आम्ही टेबलावर आणली. तिच्या मागच्या अंगाला पातळ चौकट होती आणि ती कडेने स्क्रू लावून बसवलेली होती. मामाने स्क्रू काढले, बाटलीच्या झाकणात ठेवले आणि म्हणाला, “उचल चौकट.” डाव्या बाजूचे सगळे स्क्रू जागेवर होते. मी चौकट उचलली नाही. जाळी टेबलावरच फिरवली, डावीकडचं टोक उजवीकडे आलं.

“आणि हे?” मी विचारलं.

मामा थोडा वेळ बघत राहिला. “हे कुठून आले?”

“इथेच होते.”

“आत्ता नव्हते.” मग तो हसला. “परत लावलेस ना? माझी गंमत करतेस.” आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याने ते सगळे पटापट काढले. एकही सोडला नाही.

मी आत गेले. मामी गॅसशी उभी राहून तेल कोमट करत होती. ती रोज सकाळ-संध्याकाळ मामाचा डावा हात आणि डावा पाय खांद्यापासून बोटांपर्यंत चोळायची. अर्धा-पाऊण तास. मी आल्यापासून एकदाही ते चुकलेलं बघितलं नव्हतं. मी म्हटलं होतं मी करते, तर ती म्हणाली होती, “नको, ते माझंच आहे.”

“मामी, मामाचं डावीकडे लक्ष जात नाही.”

“कशाकडेच जात नाही,” ती म्हणाली. “सकाळी दाढी केली, एक गाल तसाच. विचारलं तर म्हणे केली की. अर्धं ताट टाकून उठतो. मी म्हणते टाकू नका, तर म्हणतो काय टाकलंय.”

“कुठला गाल?”

तिने स्वतःच्या गालाला हात लावला, मग मनात मामाला समोर उभं केलं असावं, आणि हात दुसऱ्या गालावर नेला. डावा.

मी तिला पट्ट्यांचं सांगितलं, अक्षरांचं सांगितलं, जाळीचं सांगितलं. डोळे चांगले आहेत, दिसतं सगळं, पण मेंदूचा जो भाग डावीकडच्या गोष्टींची दखल घेतो त्यालाच मार लागला आहे. त्यामुळे डावीकडे काही राहिलं आहे हे त्याला कळत नाही, आणि कळत नाही हेही कळत नाही. “डॉक्टर लोक याला डाव्या बाजूचं दुर्लक्ष म्हणतात,” मी म्हटलं.

मामीने गॅस बंद केला.

“काय म्हणतात?”

“दुर्लक्ष.”

ती स्टूल ओढून बसली. तेलाची वाटी तिच्या हातातच होती.

“हेच म्हणाले होते ते,” ती म्हणाली.

“कोण?”

“डॉक्टर. घरी सोडलं त्या दिवशी. मी दारात उभी होते, दोन्ही हातांत पिशव्या, खाली रिक्षा थांबवलेली. ते म्हणाले, डाव्या बाजूकडे फार दुर्लक्ष होतंय, लक्ष द्यायला लागेल.” ती थांबली. “मला वाटलं मला बोलतायत.”

मला लगेच समजलं नाही.

“मला वाटलं, मी लक्ष देत नाही असं म्हणतायत,” ती म्हणाली. “डावा हात लुळा होता ना त्यांचा. मला वाटलं, मी नीट हलवत नाही, चोळत नाही, हेळसांड करते, म्हणून तसा आहे. मी म्हटलं, हो डॉक्टर, आता नाही होणार. त्यांनी मान हलवली आणि गेले पुढच्या पेशंटकडे. मला इतकी लाज वाटली. रिक्षात बसेपर्यंत मी यांच्याकडे बघितलं नाही.”

“मामी.”

“तेव्हापासून एक वेळ चुकवलेली नाही. मला ताप होता तेव्हाही उठले. म्हटलं, परत कोणी बोलायला नको.”

“ते फुकट गेलेलं नाही. हात सुधारला तो त्यानेसुद्धा असेल.”

“असेल,” ती म्हणाली. “उगाच गोड बोलू नकोस.”

बाहेरून मामाचा आवाज आला, थिनरची बाटली कुठे आहे म्हणून. बाटली बहुधा त्याच्या डावीकडे होती.

“शनिवारी तो गाडी चालवणार आहे,” मी म्हटलं.

“मला माहीत नाही का?” मामीने वाटी ओट्यावर ठेवली. “मी त्या शनिवारची वाट बघत होते. तुला सांगते, लाज वाटते सांगायला, पण मी ठरवलं होतं. हे फिरतीवर गेले की दार लावायचं आणि झोपायचं. स्वयंपाक नाही, तेल नाही, काही नाही. संध्याकाळपर्यंत झोपायचं. एवढंच मागत होते मी.”

“डावीकडून सायकल आली तर त्याला कळणार नाही.”

“कळलं मला ते,” ती जरा जोरात म्हणाली. मग आवाज खाली आणला. “कळलं. तू सांग त्यांना. मी सांगितलं तर म्हणतील बायको घाबरते. तू यंत्र-बिंत्र दाखवून सांग. मी येते बरोबर.”

मी यंत्र-बिंत्र काही नेलं नाही. काढलेल्या पट्ट्या अंगणात ओळीने मांडल्या, अडकलेल्या टोकांवर खडूने फुल्या मारल्या आणि मामाला बोलावलं.

“सगळ्या एकाच टोकाला अडकल्या,” मी म्हटलं.

त्याने एकेक उचलून खडूची खूण वाचली. “या मागच्या टोकाला. ही पुढच्या. एकाच टोकाला कुठे?”

“गाडीच्या हिशेबाने बघू नकोस. तू जसा बसला होतास तसं बघ.”

तो बघत राहिला. मग मी त्याला सगळं सांगितलं, जसं मामीला सांगितलं होतं तसं. दुर्लक्ष हा शब्द आला तेव्हा त्याने मान वर केली.

“दुर्लक्ष? या गाडीवर मी जेवढं लक्ष दिलं तेवढं तुझ्या मामीवर दिलं नाही. विचार तिला.”

“खरं आहे,” मामी म्हणाली.

“पट्ट्या गंजल्यात. तूच म्हणालीस, पाणी साठतं.”

“मी चुकीचं म्हणाले. क्लिपा स्वच्छ आहेत.”

“आज हे चुकीचं, उद्या ते चुकीचं.” त्याचा आवाज चढला नव्हता, दमलेला होता. “मी दिवसाला दोन-दोनशे किलोमीटर गाडी चालवलीय. डावीकडे, उजवीकडे, मागे. कोणाला साधा धक्का लागलेला नाही. आणि आता एका क्लिपेवरून तू मला…” त्याने वाक्य सोडून दिलं.

डाव्या बाजूच्या मागच्या दारावरची एक पट्टी अजून काढायची होती. मी त्याला तीच काढायला सांगितली. तो चिडून बसला, पण उलथनं हातात आल्यावर चिडका राहिला नाही. टक, टक. मग थांबला.

“झालं?” मी विचारलं.

“झालं.”

“ओढू नकोस. डोळे मीट. उजव्या हाताचं बोट पट्टीच्या खालच्या कडेवर ठेव आणि डावीकडे नेत राहा. पट्टी संपेपर्यंत थांबू नकोस.”

“आता प्रयोगाला घेतलं मला,” तो मामीला म्हणाला. पण त्याने डोळे मिटले.

त्याचं बोट सुटलेल्या कडेवरून सहज सरकत गेलं. तिथे पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये फट होती. मग फट बारीक झाली. मग नाहीशी झाली. बोट अडखळलं.

“इथे बसलेली आहे,” तो म्हणाला.

“पुढे जा.”

“इथेही आहे.” बोट सरकत होतं. त्याला आता अंग कलवावं लागत होतं. “अजून आहे.” तो स्टुलावरून जवळजवळ अर्धा उठला. “अजून आहे.” मग बोट पट्टीच्या टोकावरून खाली निसटलं आणि त्याने डोळे उघडले. आपल्या बोटाकडे बघितलं. मग मान वळवून पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडे, मग परत बोटाकडे.

“ही एवढी लांब आहे?” तो म्हणाला.

त्याने बोट परत सुरुवातीला नेलं आणि पुन्हा तसंच डावीकडे आणलं, यावेळी डोळे उघडे ठेवून, बोटावरून नजर न हलवता. मग तिसऱ्यांदा. मग त्याने त्या दोन क्लिपा स्वतः सोडवल्या. टक, टक. पट्टी सरळच्या सरळ हातात आली. त्याला त्याचा आनंद झालेला दिसला नाही.

मामी त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

“अहो,” ती म्हणाली, “डॉक्टर मला नव्हते बोलले. तुम्हाला बोलले होते.”

“काय बोलले?”

तिने सांगितलं. दार, पिशव्या, रिक्षा, सगळं. मामा पट्टी मांडीवर आडवी धरून ऐकत होता.

“म्हणजे ते रोजचं तेल…” तो म्हणाला.

“मला बोलले असं समजून.”

“लग्नाला एवढी वर्षं झाली,” मामा म्हणाला, “तू कधी कोणाचं बोलणं इतकं मनावर घेतलेलं मी बघितलं नाही. माझं तर नाहीच.”

मामी हसली नाही. मग हसली, पण त्या हसण्यातून ती लगेच बाहेर आली आणि तिने तोंड पदराने पुसलं.

संध्याकाळी तिने तेल आणलं नाही. मामाने विचारलंही नाही. तो पट्ट्यांची टोकं चाचपून बघत बसला होता. मी जवळ गेले तेव्हा म्हणाला, “बरं होतं का हे?”

“काहींचं बरंच सुधारतं. मुद्दाम मान वळवायची सवय लावून घेतात. पण आधी नीट तपासून घ्यावं लागेल. आणि गाडी चालवायची की नाही, हे तिथल्या लोकांनी ठरवायचं.”

“पुढच्या महिन्यापर्यंत?”

“नाही, मामा.”

“बरं,” तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, मला नाही, पट्टीला म्हटल्यासारखं, “बरं.”

पुढचे दोन दिवस त्याने काम सोडलं नाही. डिकीवरचं राहिलेलं अर्धं नाव काढलं, बीडिंग काढलं. प्रत्येक गोष्टीला आधी डाव्या टोकाला बोट लावायचा आणि तिथून सुरुवात करायचा. कधी विसरायचा. मग मी खाकरायचे आणि तो माझ्याकडे न बघता बोट परत नेऊन ठेवायचा. काम फार सावकाश चाललं. शनिवारबद्दल त्याने एक अक्षर काढलं नाही, आणि आम्हीही नाही. शुक्रवारी जेवताना मामी दोनदा माझ्याकडे बघून राहिली. गाडीची किल्ली दाराजवळच्या खुंटीवर होती. मी ती लपवावी का, असा विचार केला, आणि लपवली नाही. लपवली असती तर त्याने शोधली असती.

शनिवारी सकाळी तो दाढी करून, बूट घालून बाहेर आला. दोन्ही गालांवरून हात फिरवून बघत होता. किल्ली त्याच्या हातात होती. मामी स्वयंपाकघराच्या दारात थांबली. मामाने फोन काढला आणि पेंटरला लावला.

“गाडी न्यायला तूच ये,” तो म्हणाला. “नाही, पाय ठीक आहे. हात पण ठीक आहे… नाही रे. मला डावीकडचं कळत नाही.” पलीकडून पेंटर काहीतरी विचारत होता. “डोळ्याचं नाही. डोळे बरे आहेत. मला स्वतःलाच कळत नाही. आता फोनवर काय समजावू, ये तू.”

फोन ठेवून तो खुर्चीत बसला.

“ऑफिसलाही काल केला फोन,” तो म्हणाला. “फिरती जमणार नाही म्हटलं. गोदामात काही बसून करायचं निघालं तर कळवतील म्हणाले. निघालं तर.”

“कळवतील,” मामी म्हणाली.

“बघू.”

“आणि रंग?” मी विचारलं.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. हा प्रश्न त्यांच्या मनातच आला नव्हता.

“द्यायचा की,” मामी म्हणाली. “अशी सोललेली गाडी दारात उभी करायची का? लोक काय, आपणच बघायचं तिच्याकडे रोज.”

पेंटर आला. मामाच्या हातातून किल्ली घेताना त्याने ती क्षणभर मामाच्या हातासकट धरली, मग सोडली. काढलेले सगळे तुकडे जुन्या चादरीत गुंडाळून मी मागच्या सीटवर ठेवले. मामा म्हणाला, “मी येतो. रंगाची छटा मला बघायचीय.” पेंटर चालवायला बसला, मामा फेरा घालून त्याच्या डाव्या हाताला येऊन बसला. सीटबेल्ट लावताना त्याला पट्ट्याचं टोक सापडत नव्हतं. ते त्याच्या डाव्या खांद्यामागे लोंबत होतं. पेंटरने मदतीला हात पुढे केला, मामाने तो मागे सारला, उजव्या हाताने सीटच्या काठावरून चाचपडत गेला आणि पट्टा ओढून घेतला.

मामीने फाटक उघडलं. गाडी अंगणातून हळूहळू पुढे सरकली आणि फाटकाच्या तोंडाशी थांबली. पेंटर रस्त्याचा अंदाज घेत होता. काच खाली केलेली होती, म्हणून मला मामाचा आवाज ऐकू आला.

“उजवीकडे मोकळं आहे,” तो म्हणाला. “डावीकडे तुझं तू बघ.”

पेंटरने डावीकडे बघितलं. एक बाई सामानाची गाडी ढकलत जात होती. ती पुढे जाईपर्यंत तो थांबला, मग वळला.

मामीने फाटक लावलं, कडी घातली आणि आत जाऊन आडवी झाली. मी पाणी घेऊन गेले तोवर तिला झोप लागली होती.